वाजवून घेतलेलं छप्पर

एकतीस वर्षं मी पहाटे पाचला उठलो
त्या बॉयलरसाठी.
घरातल्या कुणासाठी इतक्यांदा उठलो नसेन,
बायकोला विचारा.
तळघरात तो आधी खाकरायचा,
मग पाइपांतून ठक् ठक् करत वर चढायचा,
आणि नऊच्या घंटेला ब्रिन्लेखच्या शाळेत
पोरं अंगातले कोट काढायची.
उत्तरेकडच्या वर्गातली सोडून.

आर्किटेक्ट आली, हेलेद नावाची.
तिच्याकडे यंत्र होतं, भिंतीचा ताप लाल-निळा दाखवणारं.
पण ते पिशवीतून काढायच्या आधी
तिनं मला विचारलं,
"गेथिन, थंडी कुठून येते?"
मी तिला तिसऱ्या खिडकीपाशी नेलं.
त्या बाकावर बसलेला प्रत्येक माणूस
म्हातारपणी डाव्या खांद्यानं आखडलाय,
गावात फिरून बघा.

खालच्या खोऱ्यातली शाळा बंद झाली,
तिकडची सत्तेचाळीस मुलं आता इकडे.
पाडा, नवी बांधा, म्हणाले काउन्सिलचे साहेब.
हिशेब स्वच्छ होता त्यांचा.
फक्त खाणीतल्या माणसांच्या पगारातून
दर आठवड्याला कापून दिलेली एक-एक पेनी
कुठल्या रकान्यात मांडायची,
ते त्यांच्या तक्त्यात नव्हतं.

मग मैदानात सहा भोकं पाडली,
एकशेवीस मीटर खोल.
आमच्याकडे जमिनीत उतरण्याचं नवल नाही.
नवल एवढंच की या वेळी
कुणाचा बाप खाली गेला नाही.
नुसतं पाणी गेलं
आणि ऊब घेऊन परत आलं. रोज येतं.

भिंतींच्या आत लोकर भरली,
ह्यू पॅरीच्या मेंढ्यांची,
जिच्यात कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नव्हती.
मागे लार्चच्या लाकडाचे चार नवे वर्ग,
जुन्या दगडाला न टेकता उभे.
मध्ये काचेची बोळ.
मला ती आवडत नाही. पुसावी लागते.

छप्पर उरलं. सहा हजार तीनशे पाट्या,
याच डोंगराच्या.
परदेशी स्वस्त पडतील, म्हणाले साहेब.
तेव्हा तेगिद आला, ब्याऐंशीचा,
सुरुंगांनी दोन्ही कान नेलेला.
पाटी मडक्यासारखी वाजवून घ्यावी लागते.
धड असली तर खणखणते,
आत तडा असला तर बद्द.
तो वाजवणार, पण ऐकणार कोण?

दुसरीची मुलं कुंपणाच्या भिंतीवर बसली.
टक्. "वाजली!"
टक्. "वाजली!"
टक्. "मेली!"
चार दिवस हेच.
एकदा सगळी ओरडली, वाजली,
आणि तेगिदनं पाटीमागचा तळवा न काढता
मान हलवली.
दुसऱ्या सकाळी ती हेलेदच्या हातात दुभंगली.
मेलेल्या आम्ही वाटेवर अंथरल्या,
चिखल कमी झाला.

एका पाटीच्या उलट्या बाजूला
खिळ्यानं कोरलेलं होतं:
७ × ८ = ५४.
चढवण्याआधी कुणीतरी, शंभर वर्षांपूर्वी,
घाईत.
हेलेद म्हणाली, ही काचेत ठेवू, दाराशी.
शिक्षिका म्हणाल्या, नको, मुलं पाठ करतील.
तेगिदनं कुणाकडे न बघता ती वाजवली.
"वाजली!" भिंतीवरून.
त्यानं ती चांगल्यांच्या ढिगात ठेवली.
विषय संपला.

आता हा पहिला हिवाळा.
मी अजून पाचला उठतो.
बॉयलरच्या जागी पावसाच्या पाण्याची टाकी आहे,
पंप इतकं हळू गुणगुणतो
की चालू आहे का बघायला कान लावावा लागतो.
तिसऱ्या खिडकीखाली हात धरतो.
काहीच येत नाही.
खरं सांगू, जरा चुकल्यासारखं होतं.

नऊनंतर अठ्ठ्याऐंशी गळ्यांतून
सात आठे छप्पन्न.
वर कुठेतरी चोपन्न पालथे पडलेत
पाऊस अडवत.
आज जोरात लागलाय.
मी सवयीनं बादली घेऊन जिन्याच्या वळणावर येतो,
तिथं उभा राहतो,
आणि मग बादली परत ठेवून येतो.