तीस पावलं

बेन्यातमामा बास्कमध्ये मोजायचा.
बात, बी, हिरू, लाऊ...
लखलखल्यापासून गडगडेपर्यंत.
मी इंग्रजीत मोजायचे, आणि दरवेळी
त्याच्या दोन आकडे पुढे असायचे.
"तुला घाई आहे," तो म्हणायचा. "ढगाला नाही."

नेवाडातला ऑगस्ट. रुबी पर्वताची उघडी धार.
पहाटेपासून आम्ही एका नराच्या मागावर,
शिंगांवर अजून मखमल असलेल्या,
खेचरासारखे कान हलवत चरणाऱ्या.
माझं पहिलं परवान्याचं वर्ष, पहिलं स्वतःचं धनुष्य,
बाणांना नवीकोरी पोलादी पाती.
दुपारचं जेवण एकट्या पाइनखाली झालं.
चीज, कांदा, कालचा पाव.
मी टोपी फांदीला अडकवली.

पश्चिमेकडे एक ढग होता, फुलकोबीएवढा.
मग फुलकोबीएवढा राहिला नाही.

पंचवीसपर्यंत पोचलो तेव्हा मामा उठला.
"माइते, खाली."
"पण तो तिथेच आहे, त्या झुडपांमागे!"
"तो शहाणा आहे. बघ, तोही उतरतोय."

उतरताना सांगत होता, मागे न बघता:
कुंपणाच्या तारेला हात लावू नकोस.
त्याच्या मेंढपाळकीच्या दिवसांत
वीज पडली होती पाऊण मैलावर, आणि मेल्या
तारेला टेकून उभ्या अकरा मेंढ्या.
एका ओळीत. कुणाच्या अंगावर ओरखडा नाही.
"कुत्रा वाचला," तो म्हणाला. "नंतर कधी
कुंपण ओलांडला नाही. फिरून यायचा, कितीही लांब पडो."

वाटेत एक कपार दिसली, कोरडी, आयती.
मी शिरणार, तोच दप्तराचा पट्टा मागे ओढला गेला.
"दगड ओला झाला की वीज त्याच्या ओठावरून उडी मारते.
तू तिथे दात होऊन बसू नकोस."

शेवटी अ‍ॅस्पेनच्या दाट राईत थांबलो,
सगळी झाडं सारख्या उंचीची, कुणीच पुढारी नाही.
खोडांवर जुन्या मेंढपाळांची नावं, सालीत फुगलेली,
एकाचं आडनाव आमचंच.
धनुष्य, बाण, त्याचा चाकू, माझी पाण्याची धातूची बाटली,
सगळं तीस पावलांवर ठेवलं.
आणि मग त्याने मलाही तीस पावलांवर बसवलं.
पिशवीवर. पावलं जुळवून. गुडघे पोटाशी.
"जवळ बसू दे ना."
"एकाला लागली तर दुसऱ्याने श्वास द्यायचा असतो."

तेरा वर्षांची होते. हे वाक्य
मी खूप दिवस कुणाला सांगितलं नाही.

गारा आल्या. हातांवरची लव उभी राहिली,
दातातल्या चांदीला आंबट चव आली.
पांढरं झालं सगळं, आणि त्या पांढऱ्यात
मामाचे ओठ हलत होते. मोजत होता की
दुसरंच काही म्हणत होता, ते आवाजाखाली गेलं.

मग पाऊस थांबला. ऊनसुद्धा पडलं.
आणि राईच्या कडेला, आमच्या धनुष्याशेजारीच,
तो आला. ओला, वाफाळता.
त्याने माझ्या बाणांचा वास घेतला.

मी मामाकडे बघितलं. त्याने मान हलवली.
मनगटावरचं घड्याळ दाखवलं:
शेवटच्या गडगडाटाला नऊ मिनिटं.
तीस हवीत.
एकवीस मिनिटं मी त्याला बघत बसले.
त्यातली चारच त्याने आम्हाला दिली.

वर परतलो तेव्हा पाइन उभा चिरलेला,
आतलं लाकूड पावासारखं पिवळं,
राळेचा धूर.
माझ्या टोपीची फक्त कडी सापडली, काळी.
मामाने ती खिशात टाकली.
"एल्कोला गेलो की नवीन घेऊ," म्हणाला,
आणि बराच वेळ
खोडाकडे पाठ करून उभा राहिला.

यंदा परवाना माझ्या एकटीचा आहे.
आता पश्चिमेकडे एक ढग आहे.
बात. बी. हिरू.
हळू मोजते आहे.