नऊची गोळी

मडगावहून निघालेल्या कदंबात निळी पिशवी राहिली
आणि बस मला चावडीला उतरवून
कारवारच्या दिशेने निघून गेली.
पिशवीत साडूच्या घरभरणीची निरांजनं होती, चांदीची.
ती गेली तर गेली.
पण तळाशी महिन्याभराच्या गोळ्या होत्या,
सकाळी नऊ, रात्री नऊ.
आमचे इचलकरंजीचे डॉक्टर म्हणतात,
सूर्य एखादे दिवशी चुकेल, तुम्ही चुकायचं नाही.

सव्वातीन वाजले होते.

इझिल्दाबाईंच्या फार्मसीत पंखा एकच,
तोही औषधांकडे तोंड करून.
कार्ड दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं,
शंका आलेली नोट धरावी तसं.
"हें हांगा चलना."
मग माझा चेहरा बघून मराठीत,
"फोन तरी करून बघा त्यांना."

मराठीसाठी तीन दाबा.
तीन दाबलं. हिंदी आलं.
नेहल नावाची मुलगी म्हणाली, सर,
या तिमाहीचं औषध तुम्ही उचललेलं आहे,
पुढची मंजुरी सतरा तारखेला.
हरवलं, म्हटलं.
हरवलं असा पर्याय सिस्टिममध्ये नाही, सर.
आजार पॉलिसीच्या आधीचा आहे का?

आजाराचं काय घेऊन बसलात बाई,
किडनीच माझ्या आधीची आहे.
अक्का माझ्याहून तीन वर्षांनी थोरली,
तिची आहे ती.
मी जन्मलोही नव्हतो तेव्हापासून कामाला लागलेली.

नेहल गप्प झाली.
तिच्या मागे चाळीसेक माणसं
चाळीस आजारांबद्दल माफी मागत होती.
मग हळू आवाजात म्हणाली,
पोलिसांचा दाखला अपलोड करा, सर.

हवालदार वेळीप भले माणूस.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं,
"वस्तू?"
गोळ्या. साठ.
"बंदुकीच्या न्हय मरे?"
दोघंही हसलो. मला हसताना कमरेत टाक्यांची जागा जाणवली.
"किंमत?"
एका गोळीची सांगू, सगळ्यांची सांगू,
की आतल्या पाहुणीची?
त्यांनी खोडून लिहिलं : अंदाजे.

दाखला अपलोड होईना. फोटो अंधुक, फोटो मोठा,
फोटोत शिक्का अर्धा.
तोवर इझिल्दाबाईंनी मडगावात चार दुकानांना फोन लावले.
तीच कंपनी हवी, तोच डोस,
दुसरी दिली तर शरीर परक्याला ओळखतं म्हणे,
सासूसारखं.
चौथ्याकडे दहा गोळ्या निघाल्या.
पैसे मी मोबाईलवरून पाठवले, कार्डाशिवाय, पुरेपूर.
"पागी कंडक्टर आहे संध्याकाळच्या गाडीला," बाई म्हणाल्या,
"त्याला सांगते."

पावणेनऊ. स्टँडवर दिव्याखाली मी आणि एक कुत्रा.
नऊला अक्काचा फोन, रोजच्यासारखा.
घेतलीस?
घेतली, म्हटलं.
पाच वर्षांत पहिलं खोटं.
नांदतेय ना नीट?
सासरी दिलेल्या लेकीबद्दल विचारावं तशी विचारते ती.
नांदतेय, म्हटलं, आणि उजव्या कुशीवर हात ठेवला,
दाराआडून कुणी ऐकत असेल तर म्हणून.

नऊ वीसला गाडी आली.
पागी खाली उतरला, छातीच्या खिशातून
सुट्ट्या पैशांसोबत पट्टी काढली.
अजून उबदार होती.
त्याच्याच बाटलीतलं पाणी प्यालो.
पैसे पुढे केले तर म्हणाला, "तिकीट नसता वखदांक."
आणि घंटी मारली.

दीड महिन्याने कंपनीचं पत्र आलं.
दावा प्रलंबित.
बिल मडगावचे, रुग्ण काणकोणात,
औषध तेथून येथे कसे पोहोचले
याचा खुलासा पुराव्यासह करावा.

तीन ओळींची जागा सोडली आहे.
मी पेन घेऊन बसलोय.