दोराचा वाटा

सिस्टर लिडविनाने वही दिली, चाळीस पानी.
म्हणाली, रोज रात्री एक आभार लिही,
आणि कालचा पुन्हा चालणार नाही.

पहिले पाच दिवस सोपे गेले.
आई, पप्पा, डोळे, शाळा, सूर्य.
सहाव्या दिवशी लिहिलं : माड.
सातव्या दिवशी : माडच, पण शेजारचा.

मग संपलं.
देवबागची पट्टी ती केवढी,
पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी कर्लीची खाडी,
जरा मोठ्याने हाक मारली तर पाण्यात पडते.
एवढ्याशा जमिनीतून
रोज नवं देणं कुठून उकरायचं?

त्यात जोविताचा फोटो आला कुवेतहून.
पांढरे बूट, पांढरी गाडी, मागे पांढरी इमारत,
जिच्यात म्हणे भर उन्हाळ्यात स्वेटर लागतो.
मी आमच्या न्हाणीच्या दाराकडे पाहिलं.
त्याला कडी नाही, आतून भरलेली बादली लावतो.
वहीत लिहिलं : आज काही नाही.
सिस्टरने लाल शाई वापरली नाही.
खाली फक्त तारीख घातली.

शुक्रवारी पहाटे रापण होती.
दोराला माणसं कमी, म्हणून मीही गेले.
दोन तास ओढली. तळहात सोलले.
जाळ्यात आलं काय,
तारली, थोडे बांगडे, पाण्याच्या बाटल्या,
आणि कुणाची तरी डाव्या पायाची चप्पल.
रात्रभर बाहेर मोठ्या दिव्यांच्या बोटी उभ्या असतात.
त्यांचं झाल्यावर उरतं, ते आमचं.

वाळूवर वाटे पडले.
आमच्या टोपलीत बावीस बांगडे. मी मोजले.
पप्पांनीही मोजले असावेत,
कारण त्यातले नेमके आठ उचलून ते
रोझीनमावशीच्या पडवीत ठेवून आले.
तिचा इनास याच दोराला असायचा.
तीन वर्षं झाली, देवळामागे सिमेंटच्या क्रुसाखाली आहे,
पण दोरावरचा त्याचा वाटा
कुणी पुसलेला नाही.

मी भांडले.
आपलंच पुरत नाही, म्हटलं, आणि आपल्याला कोण देतं?
पप्पा पायाची वाळू धूत होते. वर न बघता म्हणाले,
"वाटो काढल्याशिवाय म्हावऱ्याक चव येणा नाय, बाय."
आणि मग, वेगळ्याच आवाजात,
"त्या बोटींवर अर्ज मात्र मी उद्या करतलंय."

एका तोंडात आभार आणि अर्ज दोन्ही मावतात
हे मला ठाऊक नव्हतं.
मला वाटायचं, समाधानी माणूस म्हणजे
गप्प बसलेला माणूस.

रात्री पेज होती, आणि चौदातले चार.
आधी क्रुसाची खूण, मग प्रार्थना.
प्रार्थनेच्या मध्येच मला हसू आलं.
कळायला लागल्यापासून आम्ही त्याच्याकडे भाकर मागतोय,
आणि तो न चुकता पेज पाठवतोय.
आईने डोळे वटारले.
मी पेज संपवली, बोट फिरवून ताट पुसलं,
बांगड्याचं डोकंसुद्धा सोडलं नाही.

मग पाण्याला विहिरीवर गेले.
दोन्हीकडे खारं, मधे हे गोड.
जन्मापासून पिते,
पण कोण राखतं हे, असं कधी मनात आलं नाही.
गेल्या पावसाळ्यात समुद्र दोन पायऱ्या चढला होता,
तेव्हा किती दिवस राखेल, तेही माहीत नाही.
घागर भरली. वर ओढताना
सोललेल्या तळहाताला दोर लागला.
चांगलंच झोंबलं.

वहीत लिहिलं : दोर.
रापणीचा की विहिरीचा, ते लिहिलं नाही.
सिस्टर विचारेल तर सांगेन.

आणि खाली, बारीक अक्षरात,
कारण खोटं तिला चालत नाही :
जोविताचे बूट अजून हवेत.
न्हाणीला कडीपण.