पाणी, एक लिटर

कुश्तोदियू गेल्यावर कार्यशाळेतलं माझ्या वाट्याला आलं ते हे:
एक पारडं वाकलेला पितळी तराजू,
चेस्टनटच्या पट्ट्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा,
आणि वही.

वहीत एकशे बारा रंग.
प्रत्येकापुढे पट्टीचा आकडा, ग्रॅम, तारीख
आणि नाव. नावांच्या बाबतीत उस्ताद बेभरवशाचा.
'लुसिंदाची कॉफी, माझी नव्हे.'
'पाद्रीसाहेबांचे जुने बूट.'
'बेलमिरूच्या घोड्याची मान, घाम आल्यावर.'
घोडा मरून तीस वर्षं झाली, मागोमाग बेलमिरूही गेला,
त्या मानेचा ताळा आता कोणाकडे करायचा?

फेब्रुवारीत एउफेमियाबाई आल्या,
काखेत खुर्चीचा जळका पाय.
लग्नातल्या सहा खुर्च्या, एक निखाऱ्यानं खाल्ली.
"तशीच हवी," म्हणाल्या.
"जेवायला आता आम्ही दोघीच असतो,
पण खुर्च्या सहा हव्यात."

रंग सत्तेचाळीस. 'रविवारचं धुराडं.'
अक्रोडाच्या सालीची पूड, चाळीस ग्रॅम.
पिवळी, चार.
तांबडी, चाकूच्या टोकावर राहील इतकी.
पाणी, एक लिटर, गरम.

बरणीत दिसला तसाच दिसला.
लाकडावर चढला तो मात्र गाजरासारखा, हसरा.
पुन्हा वजन केलं. वाकलेल्या पारड्याला दोष दिला,
शेजारच्या औषधवाल्याचा काटा मागून आणला.
गाजरच.
डब्यातली पट्टी ओल्या फडक्यानं पुसली
(वार्निशखालचा रंग लाकूड ओलं असताना कळतो)
तर तिच्यात खोल कुठेतरी राखाडी होती,
झोप न झालेल्या माणसाच्या डोळ्यांखाली असते तशी.
ही राखाडी वहीत कुठे लिहिली होती?
तांबडी काढली. काजळी घातली, तर चिखल झाला.
नऊ दिवस. सव्वीस पट्ट्या.
नखं माझी सगळ्या रंगांची मिळून एक.

मग झुल्मिरा आली, भुसा न्यायला, कोंबड्यांसाठी.
बरणीत डोकावून म्हणाली,
"तेव्हा इथे नळ कुठे होता?
मागच्या विहिरीचं पाणी. आम्ही चादरी नाही धुतल्या त्यात कधी,
पिवळ्या पडायच्या."

तुरट लाकडाला लोखंड भेटलं की ते काळवंडतं,
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक असणं आणि आठवणं, यांच्यामध्ये
दोन माणसांनी उचलावं असं ग्रॅनाइटचं झाकण होतं
आणि झाकणावर एक कोंबडी.

पहिली बादली मी चाखली. खिळा चोखल्यासारखी चव.
त्याच पुडी, तेच ग्रॅम.
पट्टीवर हात फिरवला आणि थांबले,
कारण लाकूड विचार करत असल्यासारखं
हळूहळू गंभीर होत गेलं.

कुश्तोदियूनं थेंबन् थेंब मोजला,
पाणी कुठलं ते लिहिलं नाही.
लिहायचं कशाला? पाणी म्हणजे पाणी.
जे रोज हाताखाली असतं
ते वहीत येत नाही.

पण पाच खुर्च्या इतकी वर्षं खिडकीशी बसलेल्या.
तेव्हा हातानं थोडा फिका केला,
उन्हाचे दिवस वजा करून, अंदाजे.
(अंदाज किती, तोही लिहिला: सहाव्या भागाइतका.)

एउफेमियाबाईंनी डोळे मिटले,
सहाही खुर्च्यांवर एकेकदा बसल्या
आणि चौथीवर थांबल्या.
"ही नवी. कुरकुरत नाही."

रात्री वहीत:
सत्तेचाळीस अ. पाणी मागच्या विहिरीचं.
विहीर बुजवली असेल तर पावसाचं घ्यावं,
गंजके खिळे सात, तीन रात्री भिजवून.
कोंबडीला हळूच उठवावं.

पट्टी मधोमध कापली.
एक तुकडा डब्यात, अंधारात.
दुसरा दक्षिणेच्या खिडकीत, दोरीला.
दोन्हींच्या पाठीवर तारीख घातली
आणि हात धुतले, नळाखाली.
नखांतलं काही गेलं नाही.