पंच

मी दिगंबर परुळेकर, वय एकावन्न,
धंदा झेरॉक्स, राहणार वडाळा,
समक्ष हजर होतो, असं लिहिलंय.

होतो हजर.
हवालदार गुरव दुकानात येऊन म्हणाले,
दहा मिनिटांचं काम, शटर अर्धं राहू द्या.

शवागारात ते सांगत गेले, रायटर लिहीत गेला:
अरविंद डोळस, वय चोवीस.
डाव्या गुडघ्याला खरचटलेलं.
मोरीत पाय घसरून.

मी पाय बघितले.
तळवे जांभळे, फुगून गुळगुळीत,
एक रेघ उरली नव्हती.
घसरायला आधी उभं राहता यावं लागतं, साहेब,
हे जिभेवर आलं
आणि सुपारीच्या खांडासारखं गालातच राहिलं.

तळव्यांबद्दल कुणी काही सांगितलं नाही,
म्हणून लिहिलं नाही.
सही दोनदा केली. पहिल्यांदा पेन उठलं नाही.
मग चहा आला. प्यालो. साखर जास्त होती.

मंगळवारी त्याची आई दुकानात.
प्लॅस्टिकच्या पिशवीत पाच पानं,
दोन-दोन कॉप्या काढा, वकिलाला द्यायच्यात.
वाचता येत नव्हतं. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली,
हे कुणाचं नाव, भाऊ?

काचेखालून उजेड सरकत गेला
या कडेपासून त्या कडेपर्यंत.
साक्षीदाराचं, मी म्हटलं.

मग त्यानं बघितलं असंल की,
ती म्हणाली, आणि जरा बरं वाटल्यासारखी
पदराची गाठ सोडायला लागली.

दहा पानांचे वीस रुपये होतात.
घेतले.