सातवीचा मार्च

राजारामपुरीत, गॅस एजन्सीच्या वर आमची शाळा.
मार्चमध्ये चटया गुंडाळल्या,
मंडपवाल्याकडून बाक आणले भाड्यानं,
हायस्कूलची सवय व्हावी म्हणून.
महाद्वार रोडवरून एक घंटाही आणली,
पितळी, चांगली जड.

सुकृत मगदूम बाकावर मावेना.
पोरगं वाढलं ते जमिनीवर.
मण्यांच्या हजाराच्या ठोकळ्यावर हनुवटी टेकून
भागाकार शिकलेलं,
खरखरीत कागदावरचा ‘ळ’
बोटानं गिरवून गिरवून
गुळगुळीत करून टाकलेलं.

घंटा दिली. म्हटलं, वह्या मिटा.
“ताई, माझं उरलंय की अजून.”
उरलेलं उद्या.
“उद्या हितंच असंल?”

बाकीच्यांनी वह्या मिटल्या होत्या,
पटापट, एका आवाजात.
हेच तर शिकवायचं होतं.
तरी तो आवाज मला बरा वाटला नाही.

चार वाजले. खालून रिक्षावाले मामा हाका मारत होते.
सुकृत बाकाखाली, मांडी घालून,
अंशाखाली रेघ ओढत होता, सावकाश.

मी घंटेच्या लोळीला
फळ्याचं फडकं गुंडाळलं
आणि खिडकीतून मामांना हातानंच सांगितलं,
थांबा जरा.