कोपरे

आर्वीला काळबांडेंच्या दुकानात
काउंटरवर तीन स्प्रिंकलर मांडले होते,
तोंडी परीक्षेला आलेल्या पोरांसारखे गप्प.
एक पितळी, हातोडीचा,
बाबांच्या हरभऱ्यात फिरायचा तसाच.
एक तीन हातांचा, हिरव्या प्लास्टिकचा, दीडशेचा.
एक लांब दांडीचा, पंख्यासारखा डोलणारा,
त्याच्या खोक्यावर परदेशी कुत्रा आणि गवत.

मी पितळी उचलला.
वजन ओळखीचं होतं.
रात्री बाराची लाईट, डोक्याला बॅटरी,
बाबा पाइप खांद्यावर घेऊन पुढल्या पट्ट्यात,
मागून मी कपलरच्या कड्या लावत.
अंधारात तो टक टक टक टक लांब जाई
आणि चर्रर्र करून एकदम परत येई.
तेवढ्यात पळायचं असे. मला कधीच जमलं नाही.

"टाकी केवढ्यावर हाय तुमची?"
उपकेंद्राच्या गच्चीवर, म्हटलं.
"मंग याले कायले हात लावता, बाई?
याले मोटरचा जोर लागते.
गच्चीच्या पान्यावर थो नुसती मुंडी हलवन.
तीन हाताचा न्या."
मी पितळी खाली ठेवला,
जरा हळूच.

हिरवळ नव्या डॉक्टरीणबाईंच्या हौसेची,
बत्तीस फूट बाय बत्तीस,
लसीला आलेल्या बायांना टेकता यावं म्हणून.
पहिल्या दिवशी मी दुपारी दोनला नळ सोडला.
अर्धं पाणी झिंगरूजींच्या धोतरावर,
उरलेलं हवेतच वाळलं.
"गवताले पाजतं का वाऱ्याले?" ते म्हणाले,
आणि धोतर झटकत कुंपणाकडे गेले.
तेव्हापासून पहाटे सहा,
वारा उठायच्या आधी.

मग सहा वाट्या मांडल्या, एका ओळीत,
मधल्या खुंटीपासून कडेपर्यंत.
वीस मिनिटांनी बोट बुडवून पाहिलं:
पहिल्या तीन वाट्यांत बोटाचं पेर बुडालं,
पुढे कमी कमी,
शेवटच्या वाटीत चिमणीची चोच ओली होईल एवढं.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
पोलिओचे दोन थेंब दोनच आहेत ना हे
वर्षानुवर्षं पाहणाऱ्या बाईला
मोजायची खोड लागतेच.

बाकीचं चुकत कळलं.
आमच्या विहिरीचं पाणी जड,
पानावर वाळलं की खडूसारखं उमटतं.
गुलाबाला वरून नको, बुडाशी द्यावं,
नाहीतर आठवड्यात भुरी.
एक हात अडला की केसातली पिन काढून
भोक मोकळं करावं.
एकदा त्यातून तांदळाएवढी गोगलगाय निघाली,
जिवंत.
तिला मी पुदिन्यात सोडलं, आणि नंतर पुदिना गेला.

पण कोपरे.
पाणी गोल फिरतं, जागा चौकोनी.
पंधरा दिवसांत चारही कोपरे पिवळे.
जोर वाढवला तर भिंत भिजते,
लसींच्या तक्त्यावरची गोवर-रुबेला ओघळते.
बाबांना फोन केला. हसले.
"कोपऱ्यातला हरभरा म्या कधी मोजलाच नाही.
तिथं तुही माय अंबाडी लावे,
घागरीनं पानी घाले."
पुढे बराच वेळ दोघंही बोललो नाही.
मी तर समजत होते
आमच्या धुऱ्यावर अंबाडी आपोआप उगवते.

एका कोपऱ्यात अंबाडी लावली.
एकात कोरफड.
एकात काहीच जगलं नाही,
तिथं आता झिंगरूजींची सायकल असते.
चौथ्यात बाक ठेवला, पाणी पोचत नाही म्हणूनच.

काल लसीचा दिवस होता.
स्वतःचाच नियम मोडून मी दहाला नळ सोडला, थोडासा.
बाळाला टोचून झाल्यावर एक पोरगी
बाकावर येऊन बसली.
बाळ निळंजांभळं होईतो रडत होतं.
पाण्याचा एक हात गवतावरून वळला,
वाऱ्यानं वाकला,
दोन थेंब बाळाच्या पायावर.
ते गप्प.
मान वळवून तिकडेच पाहतंय,
परत येतं का.

आलं.